मीटर वडिलांच्या नावावर, ३ किलोवॅट सोलर आणि ७८ हजारांची सबसिडी: अर्जाआधी काय काय बघून घ्यायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घर गावात, आरसीसी स्लॅबचं, महिन्याला साधारण २५० ते २८० युनिट जळतात, महावितरणचं मीटर वडिलांच्या नावावर आहे आणि वडील आता नाहीत. एक व्हेंडर घरी येऊन गेला, तो म्हणतो ३ किलोवॅटचं सोलर बसवू, सबसिडी वजा करून १ लाख २० हजार द्या, अर्जाचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त आधार आणि चेकबुक तयार ठेवा. आणि तुम्ही विचारताय की यात फसायला होणार नाही ना. शेवटी काकूंच्या वेगळ्या मीटरचंही विचारलंय, त्याचं खाली लिहितो.

योजना खरी आहे, त्यात शंका नको. पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली, ७५,०२१ कोटींची तरतूद, १ कोटी घरांचं टार्गेट, मुदत २०२६-२७ पर्यंत. पैसेही येतात, थेट बँकेत येतात, मी या कामात आहे आणि लोकांच्या खात्यात आलेले बघतो. पण एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो, सबसिडी अडकते ती दिल्लीत नाही अडकत, ती अडकते बिलावरच्या नावात, कोटेशनमधल्या किलोवॅटच्या आकड्यात आणि पॅनलच्या प्रकारात, म्हणजे पॅनल छतावर चढायच्या आधीच तिचं काय होणार ते ठरलेलं असतं. एकदा पॅनल चढले की मग हे दुरुस्त करायला फार त्रास होतो. म्हणून व्हेंडरला आज हो म्हणू नका, नाही पण म्हणू नका, आधी दोनचार कामं उरकून घ्या.

पहिलं काम मीटरचं नाव. अर्ज ज्याच्या नावावर वीज कनेक्शन त्याच्या नावाने होतो, आणि सबसिडी जमा होताना बँक खातं पण त्याच नावाचं लागतं. आता वडिलांचं खातं तर बंद झालेलं असणार किंवा करायला हवं, मग पैसे येणार कुठे? काही व्हेंडर सांगतात की अर्ज होऊ द्या, नाव नंतर बदलू. हे ऐकू नका. अर्ज सबमिट होतो, मंजुरी पण येते, पॅनल पण बसतात, आणि शेवटच्या पायरीला बँक डिटेल भरताना गाडी थांबते, तोपर्यंत व्हेंडरचे पैसे पूर्ण गेलेले असतात आणि तो फोन उचलायला वेळ लावतो.

तर आधी महावितरणच्या वेबसाइटवरून किंवा सेक्शन ऑफिसला जाऊन नाव बदलाचा अर्ज टाका. वडिलांचा मृत्यू दाखला, घराच्या मालकीचा कागद (ग्रामपंचायत असेल तर नमुना ८ चा उतारा, शहरात असाल तर घरपट्टीची पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड), तुमचं आधार, आणि भाऊ बहिणी किंवा आई असेल तर त्यांचं संमतीपत्र. बिलाची थकबाकी शून्य करून जा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो. उताऱ्यावर पण अजून वडिलांचंच नाव असेल तर ते ग्रामपंचायतीत आधी बघावं लागेल, वेळ जातो त्यात, पण घराचं हे काम कधीतरी करायचंच आहे ना. नाव कोणाच्या नावावर करायचं हे घरात बसून नीट ठरवा. आईच्या नावावर केलं तर अर्जही आईच्या नावाने आणि खातंही आईचं, मग आईचं खातं चालू आहे ना, केवायसी झालीय ना, ते बघा. आणि स्पेलिंग बघा. बिलावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं असं आपल्याकडे सर्रास असतं, कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नाव गायब. नाव बदलाच्या अर्जातच आधारप्रमाणे लिहून द्या म्हणजे पुढे सगळीकडे एकसारखं जाईल. नवीन नावाचं बिल हातात आलं की मगच योजनेच्या पोर्टलवर अर्जाला जा.

दुसरं, आणि यावर जास्त लिहिणार आहे कारण इथेच लोकांचे पैसे जातात, ते म्हणजे किती किलोवॅट घ्यायचं.

सबसिडीचा हिशोब असा आहे: पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, म्हणजे ६०,०००, आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, एकूण ७८,०००. त्याच्या वर ५ घ्या नाहीतर १० घ्या, ७८,००० च्या पुढे एक रुपया नाही. आणि हा हिशोब कोटेशनवर लिहिलेल्या किलोवॅटवर होत नाही, छतावर खरोखर बसलेल्या पॅनलची एकूण कपॅसिटी आणि सोलर इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरात चालणारी एसी करतो तो डबा) कपॅसिटी यात जी कमी असेल त्याच्यावर होतो. हे वाक्य परत वाचा. तुमच्या व्हेंडरने '३ किलोवॅट' म्हटलंय, पण पॅनल किती आणि किती वॅटचे हे सांगितलंय का? समजा त्याने ५४० वॅटचे ५ पॅनल लावले तर ते झाले २,७०० वॅट, म्हणजे २.७ किलोवॅट. इन्व्हर्टर ३ चा असला तरी सबसिडी २.७ वर मिळणार: ६०,००० अधिक ०.७ गुणिले १८,०००, म्हणजे १२,६००, एकूण ७२,६००. पाच हजार चारशे कमी. आता तो म्हणतोय सबसिडी वजा करून १ लाख २० हजार, म्हणजे त्याच्या हिशोबात पूर्ण किंमत १ लाख ९८ हजार आहे, आणि ७८ ऐवजी ७२,६०० आले तर मधले पैसे कोणाचे गेले? तुमचे. म्हणून कोटेशनमध्ये पॅनलची संख्या, एका पॅनलचे वॅट, कंपनी, मॉडेल नंबर, आणि इन्व्हर्टरची कंपनी आणि कपॅसिटी हे सगळं लिहून घ्या. 'थ्री केडब्ल्यू सोलर सिस्टिम' एवढंच लिहिलेलं कोटेशन मी तरी कोटेशन धरत नाही.

पण याची दुसरी बाजू पण ऐका. तुम्हाला ३ किलोवॅट लागतात का हाच प्रश्न आहे. महाराष्ट्रात १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतं, उन्हाळ्यात वर जातं, जुलै ऑगस्टमध्ये बरंच खाली येतं, वर्षाचा हिशोब धरला तर महिन्याला ११० ते १२० युनिट. तुमचा वापर २८० जरी धरला तरी वर्षाला ३,३६० युनिट. म्हणजे २.३ ते २.५ किलोवॅटमध्ये तुमचं भागतं, थोडी धूळ, थोडी सावली आणि पॅनल जुने होत जातात त्याची घट धरली तर वर सांगितलेले ५ पॅनल तुम्हाला अगदी योग्य आहेत. सहावा पॅनल फक्त 'पूर्ण ७८ हजार मिळावेत' म्हणून लावू नका, त्या ५,४०० रुपयांसाठी त्याच्यापेक्षा जास्त पैसे खिशातून जातील आणि जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनमध्ये जाईल. जास्तीचे युनिट महावितरण त्याच आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांना ओढून देते, पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा दर तुम्ही बिलात भरता त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. वीज विकून कमाई होईल असं कोणी घरी येऊन सांगत असेल तर तो फक्त मोठी सिस्टिम खपवतोय.

हां, आता दोन वर्षांत एसी घ्यायचाय, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय, गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करायचा विचार आहे, असं काही पक्कं असेल तर ३ किलोवॅट पूर्ण घ्या, कारण नंतर वाढवायचं म्हटलं की परत कागद, परत मजुरी. तुमच्या घरातलं तुम्हाला माहीत. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, युनिट एकाखाली एक लिहा, एप्रिल मे किती आणि डिसेंबर किती ते बघा, व्हेंडरने सांगितलेल्या आकड्यापेक्षा हा कागद जास्त खरा.

अजून एक, बचत कशी होते ते समजून घ्या. महावितरणच्या घरगुती दरात स्लॅब आहेत, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. सोलरमुळे युनिट कमी होतात ते वरच्या महाग स्लॅबमधून आधी कमी होतात. म्हणून ४००-५०० युनिट वापरणाऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात, आणि ज्याचं बिल ८०-९० युनिटचं आहे त्याला जास्त वर्षं लागतात. तुम्ही मधल्या गटात आहात, तुमच्यासाठी सौदा चांगला आहे. फक्त बिल शून्य होईल असं धरून चालू नका, स्थिर आकार दर महिन्याला लागतोच.

तिसरी गोष्ट, डीसीआर पॅनल. सबसिडी हवी असेल तर पॅनल भारतात बनलेलं आणि त्याच्या आतले सेल पण भारतात बनलेले असायला हवेत, त्याला धंद्यात डीसीआर म्हणतात. बाजारात नॉन डीसीआर पॅनल बरेच स्वस्त मिळतात, त्यात सेल बाहेरचे असतात, चालायला ते वाईट असतात असं अजिबात नाही, पण त्यांच्यावर सबसिडी नाही. तुमच्या बिलावर 'डीसीआर' शब्द हवा, सोबत डीसीआरचं सर्टिफिकेट हवं आणि त्यात प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर हवा. पॅनल टेम्पोतून उतरले की वर चढवायच्या आधी मोबाईलवर प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा आणि सर्टिफिकेटशी जुळवा. वर बसल्यावर मागची बाजू दिसत नाही, कोणी शिडी लावून वाकून बघत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चांगला व्हेंडर यावर रागावत नाही, उलट तोच स्वतः दाखवतो.

आता पोर्टल. अर्ज पीएम सूर्य घरच्या राष्ट्रीय पोर्टलवरच होतो, त्याच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. दिसायला तशाच खोट्या साइट आणि ॲप फिरतायत, कोणी रजिस्ट्रेशन फी, फाइल चार्ज, कोटा बुकिंग असं मागितलं की फोन ठेवा, पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. राज्य निवडा, वीज कंपनी निवडा (तुमच्यासाठी महावितरण, मुंबईत असते तर अदानी, टाटा किंवा बेस्ट), बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाका, मोबाईल टाका, ओटीपी येतो. इथे एकच आग्रह आहे माझा: मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. व्हेंडर अर्ज भरून देत असेल तर देऊ दे, त्यात चूक काही नाही, त्याला सवय असते, पण तो तुमच्या समोर बसून तुमच्या नंबरवर ओटीपी घेऊन भरू दे. त्याने स्वतःचा किंवा ऑफिसमधल्या मुलाचा नंबर टाकला तर पुढे प्रत्येक पायरीला तुम्ही त्याच्या हातात. असं झालेले बरेच जण माझ्याकडे येतात, व्हेंडरशी वाजलं आणि आता स्वतःच्याच अर्जात लॉगिन होता येत नाही.

अर्ज गेला की तो महावितरणकडे जातो. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, मंजुरी मिळाली असं धरलं जातं, आणि मंजूर भार (तुमच्या कनेक्शनला महावितरणने मंजूर केलेले किलोवॅट) कमी असेल तर तोही सोलरच्या कपॅसिटीएवढा वाढवून मिळतो. मंजूर भार किती आहे ते तुमच्या बिलावर छापलेलं असतं, बघून ठेवा, कारण भार वाढला की स्थिर आकारावर फरक पडतो का ते तेव्हाच सेक्शन ऑफिसला विचारलेलं बरं. पोर्टलवर मंजुरी दिसेपर्यंत पॅनल चढवू देऊ नका, कितीही घाई केली तरी. काही जण म्हणतात माल आलाय, पोरं मोकळी आहेत, आज बसवून टाकू अर्ज उद्या करू. नको.

मंजुरी आली की पोर्टलवरच्या यादीतला व्हेंडर निवडायचा आणि त्याच्याशी करार करायचा, कराराचा ठरलेला नमुना आहे. तुमच्याकडे आलेला माणूस त्या यादीत आहे का ते पहिल्या दिवशीच बघा. कधी कधी येणारा माणूस सब एजंट असतो आणि यादीत दुसऱ्याच फर्मचं नाव असतं. तसं असेल तर पैसे त्या यादीतल्या फर्मच्या खात्यावर द्या, एजंटच्या गुगल पेवर नाही, आणि बिल त्याच फर्मचं घ्या, पुढची ५ वर्षं देखभाल करायची जबाबदारी व्हेंडरची आहे आणि ती करारात लिहिलेली हवी.

पैशांचं बोलू. सबसिडी वजा करून घेतो, हे ऐकायला सोपं वाटतं पण सबसिडी येते तुमच्या खात्यात, व्हेंडरच्या नाही, म्हणून तो तुमच्याकडून ७८ हजारांचा पुढच्या तारखेचा किंवा कोरा चेक घेऊन ठेवतो. 'चेकबुक तयार ठेवा' म्हणतोय तो त्यासाठीच असावा. कोरा चेक तर द्यायचाच नाही. माझं मत विचाराल तर पूर्ण किमतीचं बिल घ्या, पूर्ण किंमत टप्प्याटप्प्याने द्या आणि सबसिडी निवांत स्वतःकडे येऊ द्या. बुकिंगला थोडे, माल घरी उतरून सिरियल नंबर जुळले की मोठा हप्ता, सिस्टिम लागून चालू झाली की पुढचा, आणि शेवटचे दहा एक टक्के नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसेपर्यंत हातात ठेवा. तो शेवटचा हप्ता हातात असेल तर नेट मीटरसाठी व्हेंडर स्वतः महावितरणच्या ऑफिसात चकरा मारतो, नाहीतर तुम्हाला माराव्या लागतात. १ लाख ९८ हजार हा भाव ३ किलोवॅट डीसीआरला चालू भावातच आहे, साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या मध्ये कोटेशन येतात, स्ट्रक्चर (पॅनल बसवायचा लोखंडी सांगाडा) किती उंच आणि कुठल्या कंपनीचं पॅनल यावर फरक पडतो. फक्त २.७ देणार असेल तर भाव त्या प्रमाणात खाली यायला हवा. सोलरच्या सामानावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन जुन्या हिशोबाने बनवलेलं नाही ना तेही विचारा.

एकदम एवढे पैसे नसतील तर लोनचा रस्ता चांगला आहे, पोर्टलवरूनच जनसमर्थ पोर्टलला जाता येतं, ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं, व्याज रेपो रेटच्या थोडं वर, पर्सनल लोनपेक्षा कितीतरी स्वस्त. बँक पैसे थेट व्हेंडरला देते. बजाजचं नाहीतर कुठल्या फायनान्सचं ईएमआय कार्ड पुढे करणारे असतात, त्याआधी तुमच्या सरकारी बँकेत एकदा जाऊन या. लोन घेतलं तर सबसिडी लोन खात्यात जमा होणार की सेव्हिंगला हे मंजुरीच्या वेळीच विचारून ठेवा.

छतावरच्या कामाचं थोडं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा धरा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड, डिशचा खांब, यांची सावली हिवाळ्यात लांब पडते कारण सूर्य दक्षिणेला खाली असतो, म्हणून उन्हाळ्यात जागा बघून ठरवू नका. सगळे पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की पूर्ण माळेचं उत्पादन पडतं. तोंड दक्षिणेला हवं. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड हवं, वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारलेलं नको, दोन पावसाळ्यात गंजतं, आणि वळवाच्या वाऱ्याला पाय स्लॅबला नीट धरलेले हवेत. स्लॅबला भोक पाडलं तर वॉटरप्रूफिंग करून देणार का हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, गळती सुरू झाली की कोणी जबाबदारी घेत नाही. अर्थिंग तीन वेगवेगळी: एक पॅनल आणि डीसी बाजूला, एक इन्व्हर्टर आणि एसी बाजूला, एक वीज पडण्यापासूनच्या अरेस्टरला. पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात घालतात, ते चालू देऊ नका, इन्व्हर्टर उडतो आणि माणसाच्या जीवालाही धोका.

लाइट गेल्यावर सोलर चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण विचारायला हवं. नाही चालणार. साधी ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेली सिस्टिम लाइट गेली की स्वतःहून बंद होते, ती बंद व्हायलाच हवी, कारण नाहीतर तुमच्या छतावरची वीज लाइनमध्ये जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. तुमच्याकडे भारनियमन जास्त असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेता येते पण बॅटरीवर सबसिडी नाही आणि खर्च बराच वाढतो. घरात आधीचा इन्व्हर्टर बॅटरी असेल तर तोच पंखे दिव्यांना ठेवा.

बसवून झालं की व्हेंडर पोर्टलवर फोटो आणि पॅनल, इन्व्हर्टरचे नंबर टाकतो, नेट मीटरचा अर्ज जातो, महावितरणचा माणूस येऊन तपासतो, मीटर बदलतो, आणि मग पोर्टलवर कमिशनिंग रिपोर्ट, म्हणजे सिस्टिम चालू झाल्याचा अहवाल येतो. त्यानंतरच बँक डिटेल भरायची पायरी उघडते. ही पायरी तुम्ही स्वतः करा. कॅन्सल चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान लागतं, नाव स्वच्छ दिसायला हवं. ज्या बँका दुसऱ्या बँकेत विलीन झाल्या त्यांच्या जुन्या पासबुकावर जुना आयएफएससी असतो, तो टाकला की पैसे परत जातात, म्हणून शाखेतून नवीन छापून घ्या. सगळं बरोबर असेल तर साधारण महिन्याभरात पैसे येतात. नाही आले तर पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा, कुठल्या पायरीला थांबलंय ते तिथे दिसतं, आणि तिथूनच तक्रार टाका, व्हेंडरच्या 'येतील येतील' वर बसून राहू नका.

काकूंचं मीटर वेगळं आहे आणि महिन्याला १०० च्या आत जळतं म्हणालात, त्यांच्यासाठी राज्य सरकारची स्मार्ट योजना बघा, महावितरणच राबवतं. १ किलोवॅटला केंद्राचे ३०,००० आहेतच, त्यावर राज्याचे सर्वसाधारण ग्राहकाला १०,०००, अनुसूचित जाती जमातीला १५,००० आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५०० असं आहे. काकूंचा खर्च त्यामुळे बराच कमी होईल. दोन्ही घरं एकाच छताखाली असतील तर मात्र छतावर हक्क कोणाचा आणि दोन सिस्टिमला जागा पुरते का हे आधी ठरवा. ज्यांचा फ्लॅट आहे आणि हे वाचतायत त्यांनी लक्षात घ्या, सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी सोलर लावलं तर सोसायटीला प्रति किलोवॅट १८,००० मिळतात, तो अर्ज सोसायटीच्या नावाने करायचा असतो.

तर ताई, आत्ता व्हेंडरला एवढंच सांगा की नाव बदलून नवीन बिल आलं की बोलवते, तोपर्यंत ५ पॅनलचं आणि ६ पॅनलचं अशी दोन वेगळी लेखी कोटेशन पाठवा, डीसीआर, मेक, मॉडेल, वॅट सगळं लिहून, जीएसटी धरून, नेट मीटरचा खर्च आत की बाहेर ते लिहून, आणि चेक मिळणार नाही. यावर तो टाळाटाळ करायला लागला तर पोर्टलच्या यादीतून तुमच्या तालुक्यातले अजून दोघं बोलवा. कोटेशन आली की इथे टाका, फर्मचं नाव आणि तुमचा ग्राहक क्रमांक झाकून टाका, मी बघून सांगतो कुठे काय कमी आहे ते.